सगळ्या स्थानकाला मराठी आली तो दिवस

"आई, तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही. फक्त फोन उघडायचा. तुम्हाला मराठी लागते हे साइट स्वतःच ओळखेल."

असं म्हणून जावईबापूंनी चहाचा कप खाली ठेवला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय? पण बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आत्मविश्वास होता की सासूबाईंनाही क्षणभर खरं वाटलं. बायको मात्र वह्या तपासता तपासता नुसती हसली. शाळेत मास्तरीण होती ती. गृहपाठ न करता छातीठोक उत्तर देणारी मुलं ती रोजच बघत होती.

जावईबापू एका बस कंपनीत साइट बनवायचं काम करत. कंपनीच्या बसगाड्या देशभर धावायच्या. कुठली बस कधी, कुठल्या फलाटावरून, उशीर किती, हे सगळं त्या साइटवर दिसायचं. स्थानकांत टांगलेले मोठमोठे बोर्डही तीच साइट उघडून दाखवत असत. आता जुनी साइट जाऊन नवी येणार होती, आणि नवीला सहा भाषा येणार होत्या. पाच कंपनीने सांगितलेल्या होत्या. सहावी मराठी. ती कोणी मागितली होती? कोणीच नाही. ती जावईबापूंनी आपल्या जबाबदारीवर गुपचूप आत घुसवली होती, आणि त्याचं कारण समोरच्या खुर्चीत बसून लंगोटांच्या घड्या घालत होतं.

सासूबाईंना ह्या देशात येऊन सहा-सात महिने झाले होते. इथल्या भाषेतले दोनच शब्द त्यांना येत होते, एक आभाराचा आणि एक माफीचा, आणि दोन्ही त्या गरजेप्रमाणे कुठेही वापरत. घरात त्यामुळे काही अडत नव्हतं. पण त्यांची धाकटी लेक देशाच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि तिचे दिवस भरत आले होते. थोरलीच्या, म्हणजे जावईबापूंच्या बायकोच्या, वेळी सासूबाईंची कागदपत्रं अडकली. त्या पोचल्या तेव्हा नातू रांगत दाराशी आला होता. त्याबद्दल त्या कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. पण कोणाच्या बाळंतपणाचा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जायच्या आणि उगाच नळ सोडून भांडी विसळायच्या. ह्या खेपेला मात्र त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "ह्या वेळी मी असणार. पोरीचा हात माझ्या हातात असणार."

थोरलीच्या शाळेत परीक्षा, जावईबापूंची नवी साइट. म्हणजे सासूबाईंना एकटीनेच जायचं होतं, तेही अर्ध्या वाटेवर एका स्थानकात उतरून, बस बदलून. प्रवासाची भीती त्यांना नव्हती. भीती होती ती त्या मधल्या स्थानकाची. तिथला बोर्ड वाचता आला नाही तर खांबासारखी उभी राहीन, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत. म्हणून ही मराठी.

बोर्डावर येणारी वाक्यं ठरलेली असतात, फक्त आकडे बदलतात. जावईबापूंनी ती एका बैठकीत मराठीत करून टाकली आणि कौतुकाने वाचून दाखवली. "सदर वाहनाच्या आगमनास विलंब होत असून प्रवाशांनी याची कृपया नोंद घ्यावी."

सासूबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे काय झालं हो?"

"बसला उशीर आहे."

"मग तसं लिहा की. माणूस आधीच घाबरलेलं असतं, त्यात हे असलं कशाला?"

मग लंगोटांच्या घड्या घालता घालता त्यांनीच एकेक वाक्य सांगितलं. 'बसला उशीर आहे. घाबरू नका, येतेय.' 'बस गेली. पुढची आहे. बसून घ्या, पाय दुखतील.' 'बस आज मागच्या आवारातून सुटेल. सामान घ्या आणि चला.' कंपनीच्या बोर्डाला हे शोभेल का, अशी शंका जावईबापूंना आली होती. पण मराठी बघणार कोण? ह्यांच्याशिवाय दुसरं कोणी नाहीच. त्यांनी जसंच्या तसं टाइप केलं.

कचेरीत जावईबापूंच्या शेजारी एक दाढीवाला गृहस्थ बसायचा. सर्व्हर सांभाळणं त्याचं काम. कुठल्याही कामात 'जरा सबुरीने' हे त्याचं पालुपद होतं, म्हणून जावईबापूंनी त्याचं मनातल्या मनात नावच सबुरी ठेवलं होतं. नवी साइट सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सबुरीने आपला चहाचा थर्मास टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ह्याचं काय करायचं?"

"चहा प्यायचा," जावईबापू म्हणाले.

सबुरीने शांतपणे समजावून सांगितलं. साइटवर लाखो माणसं येतात. प्रत्येकासाठी नवं पान बनवत बसलं तर मुख्य कॉम्प्युटर धापा टाकेल. म्हणून देशाच्या प्रत्येक भागाच्या पानांसाठी एक साठवण असते, माणूस ती कुठूनही उघडो. पहिला माणूस आला की त्याच्यासाठी पान बनतं, ते साठवणीत भरून ठेवतात, आणि मागून येणाऱ्यांना तेच ओतून देतात; नवे आकडे, नव्या सूचना त्याच पानात, त्याच भाषेत भरत जातात. थर्मासमधल्या चहासारखं. "पण आता तुझी साइट माणूस बघून भाषा बदलणार. आणि थर्मासला कुठे माहीत आहे कोण आलंय? पहिल्याने बिनसाखरेचा मागितला तर दिवसभर सगळ्यांना बिनसाखरेचाच मिळायचा. प्रत्येक भाषेचा थर्मास वेगळा हवा. आणि निदान भाषा बदलायचं एक छोटंसं बटण तरी ठेव बाबा, चुकलं तर माणूस स्वतः बदलून घेईल."

जावईबापूंना हे बटणाचं म्हणणं अपमानासारखं लागलं. साइट स्वतः ओळखणार म्हटल्यावर बटण कशाला? थर्मासचं पुढच्या आठवड्यात बघू, त्यांनी सांगितलं. आपल्या कॉम्प्युटरवर सगळ्या भाषा तपासून झाल्या होत्या, सगळं बरोबर दिसत होतं. आता गंमत अशी की कचेरीतले कॉम्प्युटर साठवणीतून पान घेतच नव्हते. त्यांचा नळ सरळ मुख्य टाकीला जोडलेला होता. बाहेर लोकांना काय मिळतंय हे कचेरीत बसून दिसायची सोयच नव्हती. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगीच नाही.

साइट दुसऱ्या दिवशी पहाटे सुरू होणार होती. आणि आदल्या संध्याकाळीच धाकटीच्या नवऱ्याचा फोन आला. डॉक्टरांनी तिला दाखल करून घेतलं होतं. बाळाला घाई झाली होती, उद्याचा दिवस काही जाणार नाही म्हणे. सासूबाईंची पिशवी महिनाभर आधीपासून भरून दाराशी उभी होती. त्यांनी फक्त तिच्यावरून हात फिरवला आणि उद्याची पहिली बस सांगा म्हणाल्या.

पहाटे घरात सगळ्यांच्या आधी त्या उठल्या. दिवाही न लावता त्यांनी फोन उघडला. नवी साइट नुकतीच सुरू झाली होती, सगळे थर्मास धुऊन रिकामे ठेवलेले होते. आणि तिने डोळे उघडल्या उघडल्या पहिलं तोंड पाहिलं ते सासूबाईंचं.

पान आलं. शुद्ध मराठीत. सासूबाईंनी आनंदाने सगळ्यांना हाका मारून उठवलं. ओळखलं हो मला, ओळखलं, असं म्हणत त्या फोन घेऊन ह्या खोलीतून त्या खोलीत गेल्या. खात्री करायला त्यांनी निघायचं स्थानक, मधलं स्थानक, धाकटीचं गाव, अशी वाटेवरची पानं एकेक करून उघडली, आणि मग मजा वाटली म्हणून बाकीच्या गावांचीही. सगळीकडे मराठी. जावईबापूंची छाती शर्टात मावेना. त्यांनी सासूबाईंना बसमध्ये बसवून दिलं, पिशवी वर ठेवली, आणि निर्धास्त मनाने कचेरी गाठली. सासूबाईंनी बॅटरी संपू नये म्हणून फोन बंद केला आणि पिशवीच्या तळाला, बाळाच्या दुपट्यांखाली ठेवून दिला.

कचेरीत पाय ठेवला तर एकूण एक फोन वाजत होते. एका आजोबांची तक्रार होती की त्यांचा मोबाइल आजारी पडलाय. एका कंडक्टरने विचारलं, कंपनी कोणी विकत घेतली का आणि पगार पुढेही मिळणार ना. एका विद्वान प्रवाशाने तर ही फार पुरातन लिपी असून तिच्यात भविष्य लिहिलेलं आहे असं निदान केलं होतं. जावईबापूंनी घाईघाईने आपला कॉम्प्युटर लावला, साइट उघडली आणि त्यांच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं, सगळ्यात प्रसिद्ध वाक्य उच्चारलं.

"माझ्याकडे तर बरोबर दिसतंय."

तेवढ्यात मॅडम आल्या. मॅडम म्हणजे कंपनीच्या मालकीणबाई. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरचं पान भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावलं आणि सगळ्यांना समोर उभं केलं. पडद्यावर हातभर मोठ्या अक्षरांत होतं, 'बसला उशीर आहे. घाबरू नका, येतेय.' जावईबापूंच्या तोंडचं पाणी पळालं.

कोणीतरी कंपनीवर हल्ला केलाय, मॅडम म्हणाल्या. देशातल्या सगळ्या स्थानकांवर हेच दिसतंय आणि बदलायला एक बटणसुद्धा सापडत नाहीये. मग त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "ही लिपी कुठली? वाचता येतं का कोणाला?"

जावईबापूंनी आधी मूग गिळून बसायचा विचार केला. पण मग शाळेत बाहेर जायची परवानगी मागणाऱ्या मुलासारखं त्यांचं एक बोट आपोआप वर गेलं.

"काय लिहिलंय? धमकी आहे?"

"नाही मॅडम. लिहिलंय की बसला उशीर आहे, घाबरू नका, येतेय."

मॅडमनी पडद्यावर खाली बोट दाखवलं. "आणि ते खालचं?"

"'बस गेली. पुढची आहे. बसून घ्या, पाय दुखतील.'"

'मी सांगितलं होतं' असं सबुरी म्हणाला नाही. त्याने फक्त आपला थर्मास टेबलाच्या मधोमध सरकवला आणि त्याच्याकडे बघत बसला. जावईबापूंना चार शिव्या परवडल्या असत्या.

इलाज तसा सोपा होता. थर्मास रिकामे करायचे आणि प्रत्येक भाषेला वेगळा द्यायचा, तोवर सगळ्यांना इथली भाषा. सबुरीने तयारी केली आणि कळीवर बोट ठेवलं. त्याच वेळी समोरच्या पडद्यावर एक नवी सूचना आली. मधल्या स्थानकापुढचा पूल दुरुस्तीसाठी बंद झाला होता, त्यामुळे तिथून पुढे जाणाऱ्या बसगाड्या नेहमीच्या फलाटावरून सुटणार नव्हत्या. 'बस आज मागच्या आवारातून सुटेल. सामान घ्या आणि चला.'

"थांब," जावईबापू ओरडले.

सासूबाई आता मधल्या स्थानकात उतरत असतील. फोन दुपट्यांखाली बंद. नेहमीच्या फलाटाचा आकडा त्यांनी घरून पाठ करून नेलेला, आणि तिथे आज त्यांची बस येणारच नव्हती. सांगणारा एकच होता, तो बोर्ड. थर्मास रिकामा केला की त्याच्यावर इथली भाषा येणार आणि त्या खांबासारख्या उभ्या राहणार. नाही केला तर सगळा देश खांबासारखा उभा होताच. इकडे आड, तिकडे विहीर, आणि काठावर सासू.

मग त्यांनी मॅडमना सगळं सांगून टाकलं. बटण ठेवलं नाही ते सांगितलं, थर्मासचं ऐकलं नाही ते सांगितलं. मराठी प्रवाशांसाठी नव्हतीच, एका प्रवाशासाठी होती, हेही सांगितलं. आणि थोरलीच्या वेळचं. आणि नळाखालच्या भांड्यांचं.

मॅडमनी ऐकून घेतलं आणि सबुरीला विचारलं, "बाकीची स्थानकं आधी केली आणि ते एक सगळ्यात शेवटी ठेवलं, तर जमेल?"

प्रत्येक भागाचा थर्मास वेगळा असतो, सबुरी म्हणाला. त्या भागातले बोर्ड, तिथल्या माणसांचे मोबाइल, सगळे त्याच एका थर्मासमधून पितात. जरा सबुरीने केलं तर जमेल.

"मग कर सबुरीने," मॅडम म्हणाल्या. "आणि तुम्ही त्या स्थानकप्रमुखाला फोन लावा. तुमचं नंतर बघते."

एकेक भाग करत सगळा देश ताळ्यावर आला. राहिलं ते मधलं स्थानक. तिथला फोन मात्र कोणी उचलेना. जावईबापू लावतायत, तो वाजतोय, बंद पडतोय, हे पुन्हा लावतायत. त्यांच्या डोळ्यांसमोर पिशवी छातीशी धरून, चुकीच्या फलाटावर उभ्या असलेल्या सासूबाई दिसत होत्या. त्या आभाराचा शब्द म्हणत होत्या आणि कोणी लक्ष देत नव्हतं.

तिथे खरं काय चाललं होतं ते नंतर कळलं.

सासूबाई बसमधून उतरून दालनात आल्या तर सगळी माणसं माना वर करून, तोंड उघडं टाकून बोर्डाकडे बघत होती. त्यांनीही वर पाहिलं. 'बस आज मागच्या आवारातून सुटेल. सामान घ्या आणि चला. फलाट ११.' त्यांचंच वाक्य. लंगोटांच्या घड्या घालताना सांगितलेलं. घरापासून इतक्या लांब, अनोळखी माणसांच्या गर्दीत ते वाचलं आणि त्यांना वाटलं, घरचंच कोणीतरी पाठीवर हात ठेवून सांगतंय. त्यांनी मनातल्या मनात जावयाला आशीर्वाद दिला आणि मागच्या आवाराकडे निघाल्या.

बोर्ड मराठीत आहे ह्याचं त्यांना काही नवल वाटलं नाही. साइट ओळखणारच होती, जावईबापूंनी सांगितलंच होतं. नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एवढी चांगल्या कपड्यांतली माणसं, चष्मे लावलेली, हातात वर्तमानपत्रं असलेली, आणि एकालाही वाचता येत नव्हतं. बिचारे, त्यांना वाटलं, शाळेत जायला मिळालं नसेल. नाव मोठं लक्षण खोटं, म्हणजे हेच. वर्तमानपत्र नुसतं धरायचं.

एक नर्सच्या गणवेशातली मुलगी मोबाइल हातात घेऊन रडकुंडीला आली होती. सासूबाईंना राहवेना. त्यांनी बोर्डाकडे बोट दाखवलं, आपली दहाही बोटं वर केली, अकरावं कमी पडलं म्हणून त्या मुलीचंच एक बोट धरून उभं केलं, आणि मागच्या दाराकडे मान उडवली. मुलगी धावत जाऊन बघून आली. अकरा नंबरच्या फलाटावर खरोखरच तिची बस उभी होती. ती परत आली आणि तिने सासूबाईंना मिठीच मारली. ते बाकीच्यांनी पाहिलं मात्र, की सासूबाईंभोवती हीऽ गर्दी. प्रत्येक जण आपलं तिकीट पुढे करी. सासूबाई तिकिटावरचा बसचा नंबर बघत, मोबाइलच्या आकड्यांवर हात बसलेला असल्याने तो त्यांना वाचता येई, मग बोर्डावर तोच नंबर शोधत आणि बोटं दाखवत. स्थानकप्रमुख इतका वेळ शिट्टी फुंकत नुसता सैरावैरा पळत होता. त्याने त्यांना खुर्ची आणून दिली, स्वतः माइक घेऊन शेजारी उभा राहिला, आणि त्या बोटं दाखवतील तसा पुकारा करू लागला. टेबलावर वाजणारा फोन उचलायला सवड कोणाला होती?

शेवटी त्याने तो उचलला. जावईबापूंनी आपण कोण, कुठून, हे सांगायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, "इथे कोणालाही पाठवू नका. इथे एक बाई आहेत. सगळं व्यवस्थित चाललंय."

जावईबापूंनी फोन त्या बाईंना द्यायला सांगितलं.

"जावईबापू, अहो, बोर्ड अगदी झकास आहे तुमचा," सासूबाई म्हणाल्या. "पण इथल्या लोकांना वाचायलाच येत नाही हो. एकालाही नाही. एवढा पुढारलेला देश म्हणे."

"आई, तुमची बस?"

"उभी आहे. ड्रायव्हर दोनदा बोलावून गेला. पण अजून कितीतरी माणसं राहिलीत. ह्यांना असं टाकून कशी जाऊ?"

जावईबापूंनी डोळे मिटले. धाकटी दवाखान्यात, बस सुटायच्या बेतात, आणि ह्या परक्या माणसांच्या बसगाड्या शोधत बसलेल्या. ही बस गेली की दुसरी थेट संध्याकाळी. थोरलीच्या वेळी कागदांनी अडवलं होतं, ह्या वेळी त्यांचा चांगुलपणाच अडवणार होता. खरं सांगायला लागलं असतं तर थर्मासपासून सुरुवात करावी लागली असती, आणि तेवढ्यात बस निघून गेली असती.

"आई, तुम्ही बसमध्ये बसा," ते म्हणाले. "ह्या लोकांना वाचायला शिकवायचं मी बघतो."

"एवढ्यात?"

"एवढ्यात. तुम्ही बसा, धाकटी वाट बघतेय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ फोनवर स्थानकप्रमुख आला. त्याने पिशवी कोणीतरी उचलल्याचं सांगितलं. त्या नर्सने हात धरलाय म्हणाला. चढल्या, बसल्या, म्हणाला. जावईबापूंनी सबुरीकडे बघून मान हलवली आणि सबुरीने कळ दाबली.

आणि बस हलत असताना सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं. दालनातला बोर्ड एकदा मिटला, पुन्हा उघडला, आणि खाली उभी असलेली झाडून सगळी माणसं भराभर वाचायला लागली. वाचून हसायला लागली, टाळ्या वाजवायला लागली, बॅगा उचलून आपापल्या फलाटाकडे निघाली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. जावई हुशार आहे हे त्यांना माहीत होतं, पण इतका असेल असं वाटलं नव्हतं.

सासूबाईंनी पत्त्याचा कागद दाखवला, तर ती नर्स धाकटीच्याच दवाखान्यात कामाला असल्याचं निघालं. तिने सासूबाईंना टॅक्सी शोधू दिली नाही, पत्ता विचारू दिला नाही, हाताला धरून जिने चढवून सरळ खाटेपाशी नेऊन उभं केलं. मधल्या स्थानकात सासूबाईंनी तिचं एक बोट धरून वाट दाखवली होती, त्याची अशी परतफेड झाली. संध्याकाळी घरी फोन आला. मुलगी झाली होती. कळा सुरू झाल्यापासून शेवटपर्यंत धाकटीने आईचा हात सोडला नव्हता, आणि आता हाताला सूज आलीये असं सासूबाई मोठ्या अभिमानाने सांगत होत्या. थोरली फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. जावईबापूही तिच्या मागे गेले. भांडी त्या दिवशी फार स्वच्छ निघाली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं तेव्हा जावईबापू राजीनाम्याची भाषा मनात जुळवूनच गेले होते. मॅडमनी आधी बटण लावायला सांगितलं, मोठं, कोणालाही दिसेल असं. मग प्रत्येक भाषेला तिचा थर्मास. सबुरीची माफी मागायलाही सांगितलं, ती मात्र जावईबापूंनी आधीच, चहासकट, मागून टाकली होती. "आणि ती वाक्यं," मॅडम म्हणाल्या, "ती सगळी मला इथल्या आणि बाकी सगळ्या भाषांत करून द्या. काल दिवसभर माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. माझी आई असती तर असंच म्हणाली असती. आपले बोर्ड इतकी वर्षं कोणाशी असं बोललेच नाहीत." नोकरी राहिली. जावईबापू बाहेर आले आणि जिन्यावर जरा वेळ बसले. ज्यांचे आभार मानायचे ती माणसं इतकी झाली होती की सुरुवात कोणापासून करावी तेच त्यांना सुचेना.

बाळ जरा सावरलं तशी सासूबाई परत यायला निघाल्या. जावईबापू स्वतः आणायला गेले. तोवर जावयाने अख्ख्या स्थानकाला कसं चुटकीसरशी साक्षर केलं, ही हकिकत सासूबाईंची धाकटीच्या सगळ्या इमारतीला सांगून झाली होती. जावईबापूंनी दोनदा खरं सांगायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा सासूबाईंनी त्याला विनय समजून त्यांची पाठ थोपटली.

मधल्या स्थानकात दोघं उतरले. स्थानकप्रमुखाने लांबूनच ओळखलं आणि खुर्ची घेऊन धावत आला. सासूबाईंनी त्याला आभाराचा आणि माफीचा असे दोन्ही शब्द दिले. मग त्यांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा पडला.

"बिघडला की हो बोर्ड. काय वेड्यावाकड्या रेघा दिसतायत."

"बिघडला नाही, आई. ती इथली भाषा. आता ज्याला जी भाषा हवी ती मोबाइलवर दिसते. तुम्ही फोन उघडा, तुम्हाला मराठीच दिसेल."

"आणि तिथे काय लिहिलंय?"

जावईबापूंनी बोर्ड वाचून दाखवला. "बसला उशीर आहे. घाबरू नका, येतेय. बसून घ्या, पाय दुखतील."

शेजारी एक म्हातारे गृहस्थ बोर्ड वाचत उभे होते. त्यांनी वाचून संपवलं, स्वतःशीच हसले, आणि बॅग खाली ठेवून बाकावर बसले.

"माझं आहे ते," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"तुमचंच आहे. सगळ्या स्थानकांत लागलंय. सगळ्या भाषांत."

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, डोळेही पुसले, आणि पुन्हा चष्मा लावून बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिल्या. जावईबापूंना वाटलं, आयुष्यात एक काम तरी बिनचूक झालं.

"फार चांगलं केलंत हो," त्या म्हणाल्या. "पण मी म्हणते, वाक्य माझंच ठेवायचं होतं, तर ते मराठीतच ठेवायला काय झालं होतं? आत्ता कुठे ह्या बिचाऱ्यांना वाचायला यायला लागलं होतं."